पूर्वपक्ष मांडता येणारा विद्यार्थी

(महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित पाठ)



पुण्यातील एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या पदव्युत्तर वर्गाचे हजेरीपत्रक हाती घेतले, तर भारताचा नकाशाच समोर उलगडतो. लातूरचा शेतकऱ्याचा मुलगा, नंदुरबारच्या वनवासी पाड्यावरून आलेली मुलगी, बारामुल्लाचा तरुण, इंफाळ आणि चुराचांदपूरचे विद्यार्थी, शिवाय इराण-अफगाणिस्तानातून शिकायला आलेले काही जण. 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' हे बिरुद पुणेकर अभिमानाने मिरवतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हजेरीपत्रकावर शेजारी असलेली नावे वर्गातही शेजारी बसतात का? बहुतेक ठिकाणी बसत नाहीत. ईशान्येकडील मुलांचा बाक वेगळा, काश्मिरी मुलांचा वेगळा, मराठी माध्यमातून आलेल्यांचा शेवटचा. दोन वर्षे एका छताखाली काढून ही मुले पदवी घेऊन जातात आणि एकमेकांविषयी जेवढे अज्ञान घेऊन आली होती, तेवढेच परत नेतात.

या अज्ञानाची किंमत काय असते, हे देशाने २०१२ साली पाहिले. त्या वर्षी जुलैमध्ये आसामच्या कोक्राझार परिसरात बोडो आणि बांगलाभाषक मुस्लिम यांच्यात भीषण हिंसाचार उसळला. त्याचे पडसाद शेकडो कोस दूर उमटले. ऑगस्टच्या मध्यावर बंगळुरूच्या रेल्वे स्थानकावर ईशान्येकडील विद्यार्थी आणि कामगार यांचे हजारोंचे लोंढे लोटले. चेन्नई, हैदराबाद, पुणे येथेही तेच दृश्य दिसले. मोबाईलवरून फिरणाऱ्या धमक्या आणि भलत्याच ठिकाणची छायाचित्रे यांनी ही भीती पेरली होती. पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाणही झाली. अखेर केंद्र सरकारला एकगठ्ठा लघुसंदेशांवर बंदी घालून दिवसाला पाच संदेशांची मर्यादा आणावी लागली. संदेश रोखता आले. पण एक प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. त्या मुलांच्या वर्गात प्रत्येकी पन्नास-साठ सहाध्यायी होते. 'घाबरू नकोस, आमच्या घरी चल' असे म्हणणारा एकही मित्र ज्याला आठवला नाही, तो मुलगा गुवाहाटीच्या गाडीत बसला. त्या गाड्या अफवांइतक्याच एकाकीपणानेही भरल्या होत्या.

वर्गात संवाद शिकवणे हा विषय म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा नाही. तो राष्ट्रीय एकात्मतेचा विषय आहे, आणि तो शिकवण्याची जबाबदारी प्राध्यापकाची आहे.

आज या विषयावर पाश्चात्त्य विद्यापीठांतून भरपूर साहित्य येते. 'शांतता-अध्ययन' नावाचे विभाग निघतात, कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रे मिळतात. त्यात घेण्यासारखे असेल ते अवश्य घ्यावे. तथापि या भूमीने वादाचे संपूर्ण शास्त्र रचले होते, याची आठवण आपल्या विद्यापीठांना नसावी, हे दुर्दैव आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मानव्यविद्यांवर ज्या डाव्या विचाराची पकड राहिली, त्याने भारतीय परंपरा म्हणजे पोथीनिष्ठ आज्ञापालन, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन येतात. सत्य जाणण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे होते ती चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छलाचाही आश्रय घेऊन होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करत राहणे ही वितंडा. दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या चर्चा यांपैकी कोणत्या सदरात बसतात, हे इथे सांगण्याची गरज नाही. सांगायचे एवढेच की, वर्गातल्या चर्चेच्या आरंभी हे तीन शब्द फळ्यावर लिहिले आणि 'आजची आपली चर्चा पहिल्या प्रकारची आहे' असे सांगितले, तरी वातावरणात फरक पडतो. विद्यार्थ्याला आपण कोणता खेळ खेळतो आहोत ते कळते.

त्याहून उपयुक्त आहेत ती निग्रहस्थाने, म्हणजे वादात पराभव कशामुळे ठरतो त्या जागा. न्यायसूत्रांत ती बावीस आहेत. त्यांतील दोन आजच्या वर्गासाठीच सांगितली असावीत असे वाटते. एक 'अननुभाषण'. प्रतिपक्षाने तीन वेळा सांगितलेले, सभेला समजलेले म्हणणे ज्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगता येत नाही, तो तिथेच हरला. उत्तर देण्याचा प्रश्नच नंतरचा. समोरच्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आले पाहिजे. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. दुसरे 'मतानुज्ञा'. आपल्या पक्षावर दाखवलेल्या दोषाचे निरसन न करता 'तुमच्यातही तोच दोष आहे' असे म्हणणे. शास्त्रकार सांगतात, असे म्हणणाऱ्याने आपल्यातील दोष मान्यच केला. 'तुमच्या राजवटीत काय झाले होते?' या एका वाक्यावर आजच्या राजकीय वादविवादाचा केवढा तरी डोलारा उभा आहे. गौतमांच्या सभेत तो पहिल्याच फेरीत कोसळला असता.

इथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ही दोन्ही निग्रहस्थाने फक्त विरोधकांना लागू आहेत, असे समजण्याची चूक कार्यकर्त्यांनी करू नये. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलणे म्हणजे वैचारिक लढाई नव्हे. ज्याने मार्क्सचे एक पानही वाचलेले नाही, त्याने मार्क्सवादाचे खंडन केले तर ऐकणारा मार्क्सवादी हसतो आणि काठावर बसलेला विद्यार्थी त्याच्याकडे सरकतो. दत्तोपंत ठेंगडी यांचे उदाहरण या संदर्भात ध्यानात ठेवावे. १९५५ साली भोपाळला भारतीय मजदूर संघाची स्थापना करण्यापूर्वी त्यांनी काँग्रेसप्रणीत इंटकमध्ये काम केले आणि साम्यवादी प्रभावाखालील कामगार संघटनांची कार्यपद्धतीही जवळून अभ्यासली. वैचारिक भूमिकेत तसूभरही तडजोड न करता विरोधी विचारांच्या नेत्यांशी त्यांनी व्यक्तिगत स्नेह राखला. पूर्वपक्ष जाणणे म्हणजे काय, याचा हा अलीकडच्या काळातील वस्तुपाठ होय.

पूर्वपक्षाची ही निष्ठा आपल्या ग्रंथकारांनी कोणत्या थराला नेली होती, ते पाहण्यासारखे आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' उघडला, तर पहिलेच प्रकरण चार्वाकाचे. वेद न मानणारा, परलोक न मानणारा चार्वाक, आणि त्याची बाजू मांडणारा ग्रंथकार अद्वैती वेदान्ती! चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाले. त्यांचे विचार आज जे काही कळतात, ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित यांच्या 'तत्त्वसंग्रहा'त मीमांसक आणि नैयायिक यांची मते अशाच विस्ताराने येतात. विरोधकाचा ग्रंथ जाळण्याऐवजी आपल्या ग्रंथात त्याला स्थान द्यायचे, ही रीत जगाच्या इतिहासात फारशी आढळत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. ३ मे २०२३ रोजी मणिपूरमध्ये हिंसाचाराचा आगडोंब उसळला, तेव्हा पुण्या-दिल्लीच्या महाविद्यालयांत मैतेई आणि कुकी दोन्ही समाजांचे विद्यार्थी शिकत होते. कालपर्यंत एका खोलीत राहणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी एकमेकांच्या भीतीने गावे सोडली होती. अशा वर्गात राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने काय करावे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विषयच टाळणे. 'अभ्यासक्रमात नाही' हे कारण नेहमीच हाताशी असते. दुसरा सोपा मार्ग म्हणजे स्वतःचा निवाडा ऐकवणे. मैतेई बहुसंख्येने हिंदू आणि कुकी बहुसंख्येने ख्रिस्ती, म्हणून हा धर्मसंघर्षच, असे एका वाक्यात उरकणारे दोन्ही बाजूंना भेटतात. हे निदान अपुरे आहे. मैतेई विद्यार्थ्याचा पूर्वपक्ष नीट ऐकला तर तो असा असतो : राज्याच्या भूभागापैकी सुमारे एक दशांश असलेल्या इंफाळच्या खोऱ्यात बहुसंख्य लोकसंख्या दाटली आहे, डोंगरी जिल्ह्यांत आम्हाला जमीन घेता येत नाही, म्यानमारमधून घुसखोरी होते, अफूची शेती फोफावते, आणि आमच्याच राज्यात आमची संस्कृती आक्रसत चालली आहे. म्हणून आम्हाला अनुसूचित जमातीचा दर्जा हवा. कुकी विद्यार्थ्याचा पूर्वपक्ष असा : राजधानी, विधानसभेतील बहुसंख्य जागा आणि शिक्षणसंस्था खोऱ्यात आहेत, उद्या हा दर्जाही त्यांना मिळाला तर डोंगरातली जमीन आणि नोकऱ्यांतल्या राखीव जागा दोन्ही जातील, आणि वनजमिनीवरून गावे हटवताना आमच्या सगळ्या समाजावरच घुसखोरीचा शिक्का मारला जातो.

हे दोन्ही पूर्वपक्ष फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर वर्गातील लातूरच्या मुलालाही कळते की, प्रश्न जमिनीचा, सीमेचा, राखीव जागांचा आणि अस्मितेचा आहे. मग एक नियम करावा. मैतेई विद्यार्थ्याने कुकींचे म्हणणे मांडायचे, आणि ते बरोबर मांडले की नाही हे कुकी विद्यार्थ्याने सांगायचे. त्यानंतर उलट. उत्तर देण्याची पाळी त्या तासाला येऊच नये. हा तास घेणे सोपे नाही. ज्याचे घर जळाले आहे त्याला दुसऱ्याच दिवशी उभे करून 'प्रतिपक्ष मांड' म्हणणे हे शिक्षण नसून क्रौर्य होय. अशा विद्यार्थ्याला बोलण्याची सक्ती नको. त्याने नुसते बसून ऐकावे, किंवा बाहेर जावे. आधी इतर विद्यार्थ्यांकडून, ज्यांचा त्या प्रश्नाशी थेट संबंध नाही त्यांच्याकडून, दोन्ही बाजू वाचून मांडून घ्याव्यात. प्राध्यापकाला याचे भान नसेल, तर विषय न काढलेलाच बरा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेविषयी याच स्वरूपाचे मार्गदर्शन आहे. तिथे संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय संभाषा, म्हणजे स्नेहाने होणारी, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे विरोधाने होणारी. पहिली कुणाशी करावी? जो जाणकार आहे, रागीट नाही, मत्सरी नाही त्याच्याशी. त्याला निःशंकपणे विचारावे, त्याने विचारले तर निःशंकपणे सांगावे, हार होईल म्हणून घाबरू नये, आणि जिंकलो म्हणून फुशारकी मारू नये. समोर रुग्ण आहे आणि दोन वैद्यांत निदानावरून मतभेद आहे, अशा व्यवहारातून हे नियम आले. त्यांत तात्त्विक अवडंबर नाही.

प्राध्यापकाच्या आसनाविषयीही एक गोष्ट परंपरेत आहे. पाली भाषेतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला चर्चेचे आवाहन करतो. नागसेन विचारतो की, महाराज, चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत असहमत होणाऱ्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. आजच्या वर्गात राजा कोण, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. अंतर्गत गुण ज्याच्या हाती, तो राजा. देशाच्या राजधानीतील आणि इतरही नामांकित विद्यापीठांत राष्ट्रीय विचाराच्या विद्यार्थ्यांना 'या प्राध्यापकांच्या वर्गात बोललो तर गुण जातील' ही भीती वर्षानुवर्षे वाटत आली, अशी तक्रार सतत ऐकू येते. ती रास्त आहे. परंतु वारे फिरले आहे, अनेक ठिकाणी आता आसनावर आपल्या विचाराची माणसे आहेत. तेव्हा हीच भीती आता डाव्या किंवा अन्य विचाराच्या विद्यार्थ्याला वाटू नये, याची काळजी घेण्याची पाळी आपल्या प्राध्यापकांवर आली आहे.

भाषेचाही एक मुद्दा आहे. इंग्रजीत चर्चा सुरू झाली की, वर्गातील निम्म्या मुलांच्या तोंडाला कुलूप लागते. नंदुरबारच्या मुलीला जे म्हणायचे आहे ते ती मराठीत किंवा हिंदीत उत्तम सांगू शकते. तिला तशी मोकळीक द्यावी, आणि शेजारच्या विद्यार्थ्याने ते इतरांसाठी इंग्रजीत सांगावे. यात दुहेरी लाभ आहे. भाषांतर करणाऱ्याला तिचे म्हणणे आधी पूर्ण समजून घ्यावे लागते, म्हणजे अननुभाषणाची शक्यताच उरत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला. त्यात दोघे एकमेकांची उणीदुणी काढतात, अगदी हमरीतुमरीवर येतात, काही झाकून ठेवत नाहीत, आणि अखेरीस समेटाला पोचतात. आधीच गोड बोलून मतभेद नाहीतच असे भासवणे नाथांना मान्य नव्हते. आजच्या सर्वधर्मसमभावाच्या गुळगुळीत भाषेपेक्षा तो प्रामाणिकपणा कितीतरी श्रेष्ठ आहे. पण याच महाराष्ट्राने दुसरेही टोक पाहिले. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले, पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मार्ग विलग झाले, आणि सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर १८९५ साली गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिणारे टिळकच होते. मतभेद टिळकांचेही होते. पण प्रेतयात्रेची बुद्धी वेगळी आणि मृत्युलेखाची वेगळी.

संवादाचा महिमा सांगताना त्याच्या मर्यादेविषयी मौन पाळणे मात्र अप्रामाणिकपणा ठरेल. १ डिसेंबर १९९९ रोजी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात मोकेरी येथील शाळेत भाजयुमोचे नेते के. टी. जयकृष्णन मास्तर यांची भर वर्गात, लहान मुलांच्या देखत हत्या झाली. या खटल्यात मार्क्सवादी पक्षाचे कार्यकर्ते आरोपी होते. ४ जुलै २०१० रोजी त्याच केरळमध्ये तोडुपुळा येथील महाविद्यालयाचे प्राध्यापक टी. जे. जोसेफ यांचा हात पॉप्युलर फ्रंटच्या धर्मांधांनी तोडला. कारण काय, तर प्रश्नपत्रिकेतील एक संवाद. विरामचिन्हे द्या, एवढाच तो प्रश्न होता. त्यातील पात्राच्या नावावरून गहजब झाला. महाविद्यालयाने पाठीशी उभे राहण्याऐवजी त्यांना बडतर्फ केले. पुढे २०१४ साली पत्नीच्या आत्महत्येनंतर, निवृत्तीला काही दिवस उरले असताना, त्यांना पुन्हा रुजू करून घेतले गेले. हल्लेखोरांना न्यायालयाने २०१५ आणि २०२३ साली शिक्षा ठोठावल्या, आणि त्या संघटनेवर २०२२ साली बंदी आली. कुऱ्हाड उचलणाऱ्याशी वाद होत नाही. तिथे कायद्याचेच काम असते. परंतु जोसेफ यांना एकटे पाडले ते कुऱ्हाडीने नव्हे. ते काम व्यवस्थापनाने आणि बघ्या सहकाऱ्यांनी केले. प्राध्यापकाला वर्गात निर्भय राहायचे असेल, तर त्याच्या पाठीशी संस्था उभी राहिली पाहिजे, मग त्याचा विचार कोणताही असो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्यावेत, असे बजावले होते. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्षुसंघांची आठवण दिली. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे आधुनिक संसदीय नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवून दिले. आसनव्यवस्थेपासून सुरुवात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कुणी कुठे बसावे हाही नियमाचा भाग होता.

वर्गातील बाकांची व्यवस्था प्राध्यापकाच्या हाती आहे. वर्गाबाहेरची मात्र कुटुंबांच्या हाती आहे. विद्यार्थी परिषदेशी निगडित 'अंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम १९६६ पासून ईशान्येकडील विद्यार्थ्यांना देशभर नेतो आणि हॉटेलात नव्हे, तर घराघरांत उतरवतो. अशा घरात मुलगा आठवडाभर राहतो, तेव्हा मोठा वैचारिक संवाद घडत नाही. वहिनी विचारतात की पोळी खाणार की भातच लावू? आजोबा गावाचे नाव तीनदा चुकीचे उच्चारतात आणि चौथ्यांदा बरोबर उच्चारतात. तुमच्याकडे जेवणात काय असते, घरी कोण कोण असते, एवढ्यावर गप्पा थांबतात. परंतु स्थानकावर अफवा पसरते त्या दिवशी त्या मुलाकडे एक दूरध्वनी क्रमांक असतो.

जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतील. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांची यादी कार्यालयात मिळते. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या वर्गापुरती ती घ्यावी, आणि गणेशोत्सवापूर्वी त्यातील किती मुले कुणाकुणाच्या घरी जेवून आली, याची नोंद पुढच्या अभ्यासवर्गाला घेऊन यावी.